नऊ नंबरचा कॉम्प्युटर

आमच्या कॉम्प्युटर लॅबच्या दाराशी एक वही दोरीने बांधून ठेवली आहे. तिच्या पुठ्ठ्यावर मार्करने ‘फेरफार’ असं लिहिलंय. देवनागरी सगळ्यांनाच वाचता येते, पण हा शब्द शाळेतल्या आम्हा मोजक्या मराठी मुलांनाच कळतो. बाकीचे कॅडेट अर्थ विचारतात. अर्थ सांगितला की पुढचा प्रश्न येतो, ही वही इथे का? मग मला सगळी गोष्ट सांगावी लागते. दरवेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकावी, म्हणून यंदा मराठी पानासाठी हीच दिली आहे. यात माझं कौतुक होण्यासारखं फारसं काही नाही, हे आधीच सांगतो.

मागच्या वर्षी ऑक्टोबरअखेर आमचे ड्रिलचे उस्ताद निवृत्त होणार होते. ज्यांनी आम्हाला सहावीत असताना ‘सावधान’ कसं उभं राहायचं ते शिकवलं, त्यांना निरोप द्यायचा तर काहीतरी खास हवं, असं हाउसमध्ये ठरलं. लायब्ररीच्या कपाटात जुन्या परेडच्या पाच डीव्हीडी होत्या. त्यातले उस्तादांचे तुकडे काढून दहा मिनिटांची एक फिल्म करायची, असा बेत. मला कॉम्प्युटरची आवड आहे हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे काम माझ्यावर आलं आणि खरं सांगायचं तर मीच ते ओढून घेतलं.

अडचण एकच होती. लॅबमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह चालू असलेला कॉम्प्युटर एकच, नऊ नंबरचा. शनिवारी दुपारी मी डीव्हीडी घेऊन गेलो, तर ‘धिस पीसी’मध्ये ड्राइव्हच दिसेना. बटण दाबलं की ट्रे बाहेर येत होता, म्हणजे वीज पोचत होती. डिव्हाइस मॅनेजर उघडून पाहिलं तर ड्राइव्हच्या नावावर पिवळा त्रिकोण. त्यावर क्लिक केलं तेव्हा कोड १९ असा संदेश आला. त्याचा अर्थ असा, की या उपकरणाची रजिस्ट्रीतली माहिती अपुरी आहे किंवा बिघडली आहे, म्हणून विंडोज ते सुरू करू शकत नाही.

रजिस्ट्री हा शब्द आला, तेव्हा ती काय असते ते सांगायला हवं. गावाकडे जमिनीचं सगळं सातबाऱ्यावर असतं. रान कोणाचं, किती, त्यावर बोजा कोणाचा, पीक कोणतं. विंडोजचा सातबारा म्हणजे रजिस्ट्री. कोणता प्रोग्रॅम कुठे बसवलाय, कोणतं उपकरण कोणत्या ड्रायव्हरने चालतं, कोणी लॉगिन केलं की पडद्यावर कोणतं चित्र लावायचं, हे सगळं तिच्यात नोंदवलेलं असतं. पूर्वी ही माहिती आयएनआय नावाच्या साध्या मजकुराच्या फायलींत विखुरलेली असायची. १९९२ मध्ये आलेल्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री पहिल्यांदा लहान रूपात आली आणि १९९५ च्या विंडोज ९५ पासून ती सगळ्या यंत्रणेचा कणा झाली.

ती पाहायची असेल तर विंडोज आणि आर ही दोन बटणं एकदम दाबायची, रेजएडिट असं इंग्रजीत टाइप करायचं आणि एंटर करायचं. डाव्या बाजूला फोल्डरसारखे कप्पे दिसतात, त्यांना ‘की’ म्हणतात. उजव्या बाजूला त्या कप्प्यातल्या नोंदी दिसतात, त्या ‘व्हॅल्यू’. डावीकडे सगळ्यात वर एचकी या अक्षरांनी सुरू होणारे पाच मोठे कप्पे असतात. त्यातले खरे महत्त्वाचे दोनच. एचकी लोकल मशीनमध्ये सगळ्या मशीनची माहिती असते आणि एचकी यूझर्समध्ये ते वापरणाऱ्या माणसांची. बाकीचे तीन म्हणजे याच दोघांकडे जाणाऱ्या आडवाटा. फायलींच्या रूपात यातलं बरंचसं सी ड्राइव्हवर विंडोजच्या सिस्टीम३२ फोल्डरमधल्या कॉन्फिग नावाच्या फोल्डरमध्ये असतं, पण त्या फायली विंडोज चालू असताना हाताने उघडता येत नाहीत. रेजएडिट हेच दार.

हे दार साध्या घराच्या दारासारखं नाही. वर्डमध्ये काही चुकलं तर कंट्रोल-झेड आहे. शिवाय सेव्ह करेपर्यंत मूळ फाइल जशीच्या तशी राहते. रेजएडिटमध्ये अनडू नाही आणि सेव्हचं बटणही नाही. तुम्ही ओके दाबलंत की बदल झाला. हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि हीच या गोष्टीतली सगळ्यात वाईट बाजू आहे. मला माहीत होतं.

लायब्ररीतल्या एका जुन्या कॉम्प्युटर मासिकात कोड १९ चा उपाय मी वाचला होता. सीडी जाळायचा एखादा प्रोग्रॅम काढून टाकला की कधी कधी त्याची नोंद मागे राहते. त्या नोंदीचं नाव अपरफिल्टर्स किंवा लोअरफिल्टर्स. फिल्टर म्हणजे उपकरणाचा ड्रायव्हर आणि विंडोज यांच्यामध्ये बसणारा छोटा प्रोग्रॅम. प्रोग्रॅम गेला पण नोंद राहिली, तर विंडोज नसलेल्या माणसाची वाट पाहत बसतं आणि ड्राइव्ह सुरू होत नाही. उपाय सोपा, सीडी ड्राइव्हच्या कप्प्यातल्या या दोन नोंदी काढून टाकायच्या आणि मशीन रीस्टार्ट करायचं.

त्यासाठी ॲडमिनचा पासवर्ड लागतो. लॅब असिस्टंट भैयांना मी उस्तादांच्या फिल्मबद्दल सांगितलं. त्यांनी पासवर्ड टाकून दिला आणि म्हणाले, “दस मिनट में आता हूँ, और कुछ मत छेड़ना.” ते चहाला गेले.

मी खाली उतरत गेलो. एचकी लोकल मशीन, सिस्टीम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, क्लास. इथे पोचलात की डोळे फिरतात. प्रत्येक प्रकारच्या उपकरणाला इथे एक कप्पा आहे आणि त्या कप्प्यांना नावं नाहीत, महिरपी कंसात लांबलचक आकडे आणि अक्षरं आहेत. सीडी ड्राइव्हचा कप्पा ४डी३६ई९६५ ने सुरू होतो. डिस्कचा ४डी३६ई९६७ ने. कीबोर्डचा ४डी३६ई९६बी ने. माउसचा ४डी३६ई९६एफ ने. पुढची सगळी अक्षरं चौघांची सारखीच. फरक फक्त आठव्या जागी.

मी योग्य कप्प्यावर क्लिक केलं होतं, हे मला आठवतं. मग आकडा नीट आहे ना हे वहीत पाहिलं. परत मान वर केली तेव्हा चाकाने यादी थोडी सरकली असावी. मी पुन्हा क्लिक केलं. उजवीकडे अपरफिल्टर्स दिसलं. मी जे शोधत होतो तेच नाव. लोअरफिल्टर्स नव्हतं, पण मासिकात ‘असल्यास’ असं लिहिलेलं होतं. मी राइट क्लिक करून डिलीट दाबलं. काही नोंदी काढल्या तर यंत्रणा अस्थिर होऊ शकते, ही कायमची काढायची आहे याची खात्री आहे का, असं विंडोजने विचारलं. इथे प्रश्न आला की लगेच ‘येस सर’ म्हणायची सवय असते. मी येस दाबलं आणि रीस्टार्ट केलं.

पासवर्डचा चौकोन आला. मी टाइप केलं, काहीच उमटलं नाही. पुन्हा केलं. नम लॉक दाबलं, दिवा लागेना. केबल काढून दुसऱ्या जागी लावली. शेजारच्या दहा नंबरचा कीबोर्ड काढून इथे जोडला, तोही मेलेला. तोच कीबोर्ड परत दहा नंबरला लावला, तिथे ठणठणीत. तेव्हाच पोटात गोळा आला. कीबोर्ड बिघडला नव्हता. मी काहीतरी बिघडवलं होतं.

तेवढ्यात गेम्सच्या फॉल-इनची घंटा झाली. भैया अजून आले नव्हते. मी मशीन बंद केलं, डीव्हीडी पिशवीत टाकल्या आणि पळालो.

रविवारी आम्हाला घरी फोन करायला मिळतो. माझे पप्पा गावी वायरमन आहेत. त्या दिवशी ते थकलेले वाटले. म्हणाले, “काल रात्री वारं सुटलं, तारेवर फांदी पडली. सबस्टेशनचं परमिट मिळायला पाऊण तास गेला. लोक खाली उभं राहून ओरडत होते. मी काय चढलो नाही.”

“मग?”

“मग काय, परमिट आलं, डीपीवरचे फ्यूज काढले, खिशात घातले, तेव्हा चढलो. फ्यूज माझ्या खिशात असले म्हणजे माझ्याशिवाय लाइन कोण चालू करणार? अरे, घाई लोकांना असते, तारेला नसते. तुझं कसं चाललंय?”

“ठीक आहे,” मी म्हणालो.

सोमवारी आठवीचं प्रॅक्टिकल होतं. नऊ नंबर चालेना. भैयांनी दोन कीबोर्ड बदलले, मागचे सगळे पोर्ट तपासले. कॉम्प्युटरच्या मॅडम बोर्डाच्या कामासाठी बाहेर होत्या. ऑफिसातून एक साहेब आले. आम्ही व्हरांड्यातून जात होतो, काचेतून सगळं ऐकू येत होतं. ते भैयांना म्हणाले की ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडेच असतो, दुसरं कोणी काही करूच शकत नाही. बुधवारी मशीन गावातल्या दुकानात पाठवा, फॉरमॅट मारून आणतील. भैया कंत्राटावर आहेत. त्यांनी मान खाली घातली होती. मग एकदा वर केली, तेव्हा काचेतून मी त्यांना दिसलो. त्यांनी काही सांगितलं नाही. नुसतं पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

मागच्या वेळी एक मशीन दुकानातून परत आलं तेव्हा त्याची डिस्क कोरी होती. नऊ नंबरवर आमच्या हाउसचे कित्येक वर्षांचे फोटो आहेत. पण त्या रात्री प्रेपमध्ये पुस्तक उघडून बसलो असताना मला फोटो आठवत नव्हते. भैयांची मान आठवत होती. आणि पप्पांचा खिसा. पाऊण तास लोक ओरडत असताना हा माणूस खाली उभा राहतो आणि मी दहा मिनिटं थांबू शकलो नाही. बदलण्याआधी त्या कप्प्याची नक्कल घ्यायला अर्धं मिनिट लागलं असतं.

मंगळवारी सकाळी मॅडम आल्या. पहिल्या तासाआधी मी लॅबच्या दारात उभा राहिलो. सावधानमध्ये उभं राहून मी सांगितलं, “मॅडम, नऊ नंबर मी बिघडवला. भैयांनी काही केलं नाही. सॉरी मॅडम.”

मॅडम रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “सॉरी नंतर. आधी शनिवारी काय काय केलंस ते क्रमाने कागदावर लिही. एकही पायरी गाळू नकोस.”

मी सात पायऱ्या लिहिल्या. पाचव्या पायरीत लिहिलं, ‘४डी३६ई९६५ मधून अपरफिल्टर्स काढलं.’ मॅडमनी त्यावर बोट ठेवलं. “हे तू पाहिलेलं लिहितोयस की पाहायला हवं होतं ते लिहितोयस?”

मला उत्तर देता आलं नाही.

त्यांनी मशीन सुरू केलं. पासवर्डच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटं चिन्ह असतं, ज्यांना बघायला किंवा टाइप करायला अडचण येते त्यांच्यासाठी. त्यावर माउसने क्लिक केलं की ऑन-स्क्रीन कीबोर्ड मिळतो. पडद्यावरच्या एकेका अक्षरावर माउसने टिचक्या मारत मॅडमनी पासवर्ड टाकला आणि मशीन उघडलं! मी शनिवारी केबल उपटत बसलो होतो तेव्हा हे चिन्ह माझ्यासमोरच होतं.

मग त्यांनी दहा नंबरही सुरू करायला लावला. दोन्ही मशीन एकाच खरेदीतली. दोन्हीकडे तोच कप्पा उघडायचा आणि ओळ न् ओळ पडताळायची. विंडोज १० मध्ये रेजएडिटच्या वरच्या पट्टीत पत्ता लिहिता येतो, त्यामुळे यादीत हरवायला होत नाही. ९६५ चा कप्पा आधी पाहिला. नऊ नंबरच्या त्या कप्प्यात अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स दोन्ही जागच्या जागी होत्या! म्हणजे मी तिथून काहीच काढलं नव्हतं. मग ९६बी पाहिला. दहा नंबरमध्ये अपरफिल्टर्स ही नोंद होती आणि तिच्यात केबीडीक्लास हा एकच शब्द. नऊ नंबरमध्ये ती नोंदच नव्हती.

“उजवीकडे वर बघ,” मॅडम म्हणाल्या. त्या कप्प्यात क्लास नावाची एक नोंद होती आणि तिच्यापुढे स्वच्छ इंग्रजीत लिहिलं होतं, कीबोर्ड. कप्प्याला नाव नसतं असं मी वर म्हटलं, ते बाहेरून पाहिलं तर खरं. आत नाव होतं. शनिवारीही होतं. मला हवा तो शब्द दिसला आणि मी बाकीचं वाचणं थांबवलं.

मॅडमनी तेव्हा समजावलेली गोष्ट मी विसरणार नाही. अपरफिल्टर्स हे नाव अनेक कप्प्यांत असतं, पण प्रत्येक ठिकाणी त्याचं काम वेगळं. सीडी ड्राइव्हच्या कप्प्यात तिथे सहसा बाहेरच्या प्रोग्रॅमचा फिल्टर असतो. तो काढला तर फार तर तो प्रोग्रॅम पुन्हा बसवावा लागेल. कीबोर्डच्या कप्प्यात मात्र तिथे विंडोजचाच स्वतःचा केबीडीक्लास असतो. बटण दाबलेलं विंडोजपर्यंत पोचवणं हेच त्याचं काम. तो गेला की जगातला कोणताही कीबोर्ड आणून लावा, उपयोग शून्य.

दुरुस्ती मलाच करायला लावली. पण हात लावण्याआधी त्या कप्प्यावर राइट क्लिक करून एक्सपोर्ट. बिघडलेल्याचीही नक्कल घ्यायची, कारण दुरुस्ती करताना आणखी बिघडू शकतं. मग मोकळ्या जागेत राइट क्लिक, न्यू, मल्टी-स्ट्रिंग व्हॅल्यू. इथेही जपून, कारण नोंदींचे प्रकार असतात. साध्या मजकुराची वेगळी, आकड्याची वेगळी, अनेक ओळींची वेगळी. ही अनेक ओळींची हवी, मग ओळ एकच का असेना. नाव अपरफिल्टर्स, आत केबीडीक्लास. स्पेलिंग दोनदा दहा नंबरशी ताडून पाहिलं. रीस्टार्ट केलं आणि नम लॉक दाबलं. दिवा लागला. तो हिरवा दिवा पाहून मला जेवढा आनंद झाला तेवढा क्रॉस-कंट्रीत मेडल मिळालं तेव्हाही झाला नव्हता.

त्यानंतर शनिवारचं अर्धवट राहिलेलं काम. सीडी ड्राइव्हचा ९६५ चा कप्पा उघडला. क्लासपुढे सीडीरॉम लिहिलंय हे मोठ्याने वाचून दाखवलं. नक्कल घेतली. तिथल्या दोन नोंदी काढल्या. रीस्टार्ट. ड्राइव्ह दिसू लागला.

आता जे कॅडेट हे वाचून रेजएडिट उघडणार आहेत (तुम्ही उघडणार, मला माहीत आहे) त्यांच्यासाठी मॅडमनी त्या दिवशी लिहून घ्यायला लावलेल्या गोष्टी देतो.

पहिलं, रजिस्ट्रीशिवाय काम होत असेल तर रजिस्ट्रीत जायचंच नाही. सेटिंग्ज किंवा कंट्रोल पॅनेलमध्ये तीच गोष्ट असेल तर तिथूनच बदलायची. दुसरं, मशीन आपलं नसेल तर ज्याचं आहे तो शेजारी बसल्याशिवाय हात लावायचा नाही.

तिसरं, आधी सिस्टीम रिस्टोअर पॉइंट तयार करायचा. स्टार्टमध्ये तो शोधता येतो, पण सिस्टीम प्रोटेक्शन चालू आहे का ते आधी पाहायचं. अनेक मशीनवर ते बंदच असतं, आमच्या नऊ नंबरवरही होतं. विंडोज स्वतः नक्कल ठेवत असेल या भरवशावर राहू नका. पूर्वी ते रेजबॅक नावाच्या फोल्डरमध्ये आपोआप ठेवायचं, विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून ते बंद झालं.

चौथं, जो कप्पा बदलायचा त्याची एक्सपोर्ट करून फाइल ठेवायची आणि नावात तारीख घालायची. ही आरईजी फाइल डबल क्लिक केली की जुन्या नोंदी परत येतात. पण एक मेख आहे. ती फाइल नोंदी मिसळते, पुसत नाही. तुम्ही काढलेलं किंवा बदललेलं परत येईल, पण तुम्ही नवीन घातलेलं तसंच राहील, ते हातानेच काढावं लागेल. म्हणून काय घातलं तेही लिहून ठेवायचं. पाचवं, एका वेळी एकच बदल. मग रीस्टार्ट, मग तपासणी. पाच बदल एकदम केले तर बिघाड कशाने झाला ते कळत नाही.

सहावं, कोणी पेन ड्राइव्हवर आरईजी फाइल दिली तर डबल क्लिक करायची नाही. राइट क्लिक करून नोटपॅडमध्ये उघडायची. ती साधा मजकूर असते, आत काय आहे ते वाचता येतं. आणि रजिस्ट्री साफ करून कॉम्प्युटर पळवतो म्हणणारे प्रोग्रॅम बसवायचे नाहीत. खुद्द मायक्रोसॉफ्टचा अशा प्रोग्रॅमना पाठिंबा नाही.

मशीन सुरू झालं म्हणून शिक्षा टळली नाही. हाउस मास्टरांनी तीन रविवारचा आउटपास बंद केला आणि त्या तिन्ही रविवारी लॅबमध्ये भैयांच्या हाताखाली काम दिलं. ऑफिसातल्या साहेबांकडे जाऊन मी स्वतः सांगितलं की चूक माझी होती. पहिल्या रविवारी मी भैयांची माफी मागितली. ते कीबोर्ड उलटे करून त्यातली धूळ झटकत होते. म्हणाले, “पासवर्ड डालके बाहर तो मैं ही गया था.” थोड्या वेळाने ब्रश माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “तूने बोल दिया, अच्छा किया.” त्यानंतर आम्ही या विषयावर बोललो नाही.

फिल्म झाली. पाचांपैकी एका डीव्हीडीवर इतके चरे होते की ती वाचलीच गेली नाही, पण चार पुरल्या. हॉलमध्ये उस्ताद पहिल्या रांगेत बसले होते. एका तुकड्यात वीसेक वर्षांपूर्वीचे, काळ्याभोर मिशांचे उस्ताद एका कॅडेटचं कोपर सरळ करताना दिसले. ते पाहून ते मोठ्याने म्हणाले, “बाजू अब भी ढीली है!” आणि सगळा हॉल हसला.

त्याच महिन्यात मी फोनवर पप्पांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “त्या भैयांची नोकरी राहिली ना?” राहिली म्हणालो. “मग बास,” ते म्हणाले.

आता वहीबद्दल. रजिस्ट्री म्हणजे सातबारा असं मी वर लिहिलं, पण एक मोठा फरक आहे. आमच्या शेताचं खातं पणजोबांवरून आजोबांवर आणि आजोबांवरून पप्पांवर आलं, त्या प्रत्येक वेळी तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीत नोंद झाली. गाव नमुना सहा म्हणतात तो हाच. सातबाऱ्यावरचं जुनं नाव पुसत नाहीत, कंस करतात आणि शेजारी फेरफाराचा नंबर असतो. कधीही मागे जाऊन कोणी, केव्हा, कशामुळे बदललं ते पाहता येतं. रेजएडिट अशी वही आपल्यापुढे ठेवत नाही. जुनं जातं, नवं बसतं, आणि का बदललं हे कोणाला सांगता येत नाही. ती वही आपणच ठेवावी लागते. मी हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मग ठेव.” नावही तेच राहू दे म्हणाल्या.

वहीत सहा रकाने आहेत. तारीख, मशीन नंबर, काय बदललं, का बदललं, नक्कल कुठे ठेवली, सही. आज तिच्यात बावीस नोंदी आहेत, काही भैयांच्या, काही मॅडमच्या, काही नववीच्या मुलांच्या. पहिली नोंद माझी आहे, नऊ नंबरची, त्या शनिवारच्या तारखेची. तिच्यात पाचव्या रकान्यात लिहिलंय, ‘घेतली नव्हती.’

नंतर एकदा मी ती ओळ खोडून नीट काहीतरी लिहू का असं विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, “फेरफारमध्ये खोडत नाहीत, तूच सांगितलं होतंस.”